गणेश नावाचा शेतकरी

२०१५च्या डिसेंबर अखेरीस महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं नाव देशभर झालं. त्याला आडनाव नव्हतं, गाव नव्हतं, तालुका नव्हता. नुसता गणेश. 'टाइम्स ऑफ इंडिया'त मार्क झुकरबर्ग यांनी लिहिलेल्या लेखात तो अवतरला. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'वर तो पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो, त्याच्या मालाला बरा दर मिळू लागलाय आणि आता तो नवी पिकं आणि जनावरं यांत पैसा घालतोय, असं त्या लेखात होतं. आपल्याकडच्या शेतीची माहिती असणाऱ्याला हे वाचून गंमत वाटली असेल. हवामानाचा अंदाज मोबाइलवर दिसला म्हणून दावणीला म्हशी वाढल्या, असं गाव मला तरी अजून सापडलेलं नाही. पण तो मुद्दा नाही. गणेश असेलही. मुद्दा हा, की त्याच्या नावानं बोलणारे पुष्कळ होते आणि त्या आठवड्यांत तो स्वतः कुठे बोलला हे कोणी ऐकलं नाही.

प्रकरण थोडक्यात असं. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या फोनवर फेसबुकनं निवडलेल्या मोजक्या वेबसाइट फुकट आणि उरलेलं सगळं इंटरनेट पैसे मोजून. असा दुजाभाव दरात चालू द्यावा का, असा प्रश्न दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे 'ट्राय'नं, डिसेंबरमध्ये जनतेसमोर ठेवला. फेसबुकनं पानभर जाहिराती दिल्या, होर्डिंग लावली. शिवाय आपल्या वापरकर्त्यांच्या पडद्यावर तयार मजकुराचं पत्र ठेवलं. एक बटण दाबलं की ते 'ट्राय'कडे रवाना. एकूण सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या १८.९४ लाख फ्री बेसिक्सच्या बाजूनं. त्यांपैकी साडेतेरा लाख एकट्या फेसबुकच्या मेल-पत्त्यावरून आल्या होत्या. 'ट्राय'नं कंपनीला सुनावलं, की तुम्ही सल्लामसलतीचं रूपांतर ठरवून घडवलेल्या जनमत चाचणीत करताय. आम्ही जे विचारलं त्याचं उत्तर या पत्रांत नाहीच. प्रश्नपत्रिकेत एक विचारलेलं आणि पोरांनी दुसराच पाठ केलेला निबंध उतरवलेला, तसला प्रकार. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'नं दरांतल्या भेदभावाला बंदी घातली आणि फ्री बेसिक्सनं इथला गाशा गुंडाळला.

तेव्हापासून धंदेवाल्यांची निवेदनं वाचायचा मला नाद लागला. इंडस्ट्रीच्या भाषेत 'सबमिशन'. गेल्या दहा वर्षांत डेटावर, गोपनीयतेवर, आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर जी जी धोरणं झाली, त्यांच्या मागे अशा निवेदनांचा ढीग आहे. आणि प्रत्येक ढिगात कुठेतरी एक गणेश असतो. कधी तो शेतकरी असतो, कधी टायर-टू शहरातला होतकरू स्टार्टअपवाला, कधी पहिल्यांदा फोन हातात घेतलेली बचत गटातली बाई. अलीकडे तर कधीकधी अख्खं राष्ट्रच गणेश होतं.

लॉबिंग या शब्दाला आपल्याकडे वाईट वास आहे. मराठीत त्यासाठी एक जुना, नीटस शब्द होता: रदबदली. दरबारात कोणाच्या तरी वतीनं शब्द टाकणं. दिल्लीच्या दरबारात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातली माणसं राहत, बातम्या पाठवत, वाटाघाटी करत. त्यात लपवाछपवी आणि देणंघेणं नव्हतं असं मुळीच नाही. पण हिंगणे कोणाचे वकील आहेत, याबद्दल दरबारात कोणाला शंका नव्हती. आजच्या रदबदलीत नेमकं तेवढंच कळत नाही.

अमेरिकेत १९९५चा कायदा आहे. लॉबिंगवर कोणी किती खर्च केला आणि कोणत्या विषयासाठी, हे नोंदवावं लागतं. त्याच नोंदींतून २०१२ साली वॉलमार्टनं भारताची बाजारपेठ उघडण्याच्या विषयावरही पैसे खर्चल्याचं बाहेर आलं, आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची एकसदस्य समिती नेमावी लागली. म्हणजे आपल्या दरबारात कोण खटपट करतंय हे आपल्याला परक्या देशाच्या वहीवरून कळलं. २०१३ साली कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंगच्या जाहीर नोंदणीचं खासगी विधेयक आणलं होतं. बहुतेक खासगी विधेयकांचं होतं तेच त्याचंही झालं. भारतात लॉबिंग बेकायदा नाही आणि कायदेशीरही नाही. ते 'गव्हर्नमेंट अफेअर्स' आहे, 'पब्लिक पॉलिसी' आहे, 'स्टेकहोल्डर कन्सल्टेशन' आहे.

डेटा कायद्याच्या गोष्टीला तारीख द्यायची तर २४ ऑगस्ट २०१७. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. त्यात त्यांनी आणीबाणीतला जबलपूर खटल्याचा निकालही चुकीचा ठरवला, ज्या बहुमतात त्यांचे वडील होते. या निकालाच्या तीनच आठवडे आधी केंद्रानं न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली होती. मुंबईकरांना ते १९९२-९३च्या दंगलींच्या चौकशी आयोगामुळे ठाऊक. समितीनं जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला आणि त्यात एक देखणा विचार मांडला: तुमची माहिती गोळा करणारी कंपनी ही नुसती दुकानदार नव्हे, ती 'फिड्युशिअरी', म्हणजे विश्वस्त. पेशंट डॉक्टरवर विसंबतो, अशील वकिलावर विसंबतो, तसे तुम्ही तिच्यावर विसंबता, म्हणून तिच्यावर जास्तीची जबाबदारी. विश्वस्त म्हटलं की आपल्याला देवस्थानची कमिटी आणि दानपेटीच्या किल्ल्या आठवतात, हे सोडून द्या. शब्द लक्षात ठेवा. तो पुढे भलत्याच जागी भेटणार आहे.

याच अहवालात कंपन्यांना सर्वांत जास्त झोंबलेली गोष्ट होती: वैयक्तिक माहितीची एक प्रत भारतातच ठेवा. त्यावर समितीच्या आतूनच भिन्नमत नोंदवलं गेलं. नोंदवणाऱ्यांपैकी एक होत्या रमा वेदश्री, आयटी उद्योगाच्या 'नॅसकॉम' या संघटनेनंच उभारलेल्या डेटा सिक्युरिटी कौन्सिलच्या प्रमुख. त्यांच्या बाजूला तर्क होता. हिंजवडी असो की इलेक्ट्रॉनिक सिटी, आपली आयटी जगते ती परदेशी माणसांच्या डेटावर. आपण भिंत बांधली तर उद्या जर्मनीही बांधेल, मग इकडे काम येणार कसं? मला ते भिन्नमत आजही प्रामाणिक वाटतं. एक तर ते छापलेलं होतं. कोण बोलतंय, कोणाच्या घरातून बोलतंय, हे अहवालातच दिसत होतं.

भिंतीची कल्पना तोवर मुंबईत जमिनीवर आलीही होती. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेनं एक छोटंसं परिपत्रक काढलं: पेमेंटचा सगळा डेटा फक्त भारतात ठेवायचा, मुदत सहा महिने. मग जी रदबदली सुरू झाली ती पाहण्यासारखी होती. कार्ड कंपन्यांचं म्हणणं होतं, एक प्रत इथे ठेवू, पण मूळ बाहेरही राहू द्या. मुदत संपत आली तेव्हा जॉन कॉर्निन आणि मार्क वॉर्नर या अमेरिकी सिनेटरांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. रिझर्व्ह बँक हलली नाही. २०२१ मध्ये तर अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मग मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घ्यायलाच तिनं बंदी घातली. कंपन्यांनी नियम पाळल्याचं दाखवल्यावर एकेक करून ती उठली. मोठ्या कंपन्या म्हणतील ते सरकार ऐकतं, असं म्हणणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा.

पण ज्यांच्या मनासारखं झालं, तेही कंपन्याच होत्या. ऐरोलीहून रबाळे-महापेकडे जाताना डावी-उजवीकडे बघा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे केमिकलचे कारखाने होते, तिथे आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती आहेत. फाटकावर नाव बारीक अक्षरात, आत जनरेटर आणि वातानुकूलनाची घरघर, बाहेर चहाची टपरी. हीच देशाच्या डेटाची कोठारं. समुद्राखालून आलेल्या केबली वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, म्हणून ही कोठारं इथे. २०२२ मध्ये डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला. डेटा देशात राहावा यात ज्यांची जमीन, वीज आणि भांडवल गुंतलं होतं, त्यांना राष्ट्राभिमानाची भाषा सोयीची होती. १८ जानेवारी २०१९ रोजी 'व्हायब्रंट गुजरात'च्या व्यासपीठावरून मुकेश अंबानी यांनी गांधीजींची आठवण काढून डेटाच्या वसाहतवादाविरुद्ध चळवळीची हाक दिली. भारतीयांचा डेटा भारतीयांच्या मालकीचा असावा, कंपन्यांच्या नव्हे, विशेषतः परदेशी कंपन्यांच्या तर नव्हेच, असा त्यांचा आशय होता. वाक्यातला तो 'विशेषतः' फार कामाचा आहे. इथे गणेश म्हणजे आपण सगळेच, एकशे तीस कोटी.

पुढची चार वर्षं कंटाळवाणी आहेत, म्हणून भरभर जातो. डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक आलं. त्यात सरकारनं स्वतःला अशी सवलत दिली होती की खुद्द न्या. श्रीकृष्णांनी ऑर्वेलची आठवण काढली. संयुक्त संसदीय समिती बसली. तिच्यापुढे यायला अमेझॉननं आधी नकार दिला, हक्कभंगाचा इशारा मिळाल्यावर ती आली. समितीनं दोन वर्षांनी ८१ दुरुस्त्या सुचवल्या आणि ३ ऑगस्ट २०२२ रोजी सरकारनं विधेयकच मागे घेतलं.

नोव्हेंबरमध्ये नवा, सुटसुटीत मसुदा आला आणि सोबत सूचना पाठवण्याचं आवाहन. त्यात म्हटलं होतं, की आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत. त्या 'फिड्युशिअरी' नात्यानं जपल्या जातील, म्हणजे लोकांना मोकळेपणानं लिहिता येईल.

हाच तो शब्द. नागरिकाची माहिती राखण्यासाठी घडवलेला विश्वस्त इथे कंपन्यांचे अर्ज राखायला बसवला. या मसुद्यावर २१,६६६ सूचना आल्या, असं सरकारनं पुढे सांगितलं. संख्या कळली, मजकूर नाही. जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा आला तेव्हाही हीच अट. त्यावर ६,९१५ सूचना. मुंबईसह सात शहरांत बैठका झाल्या, त्यांतही कोण काय म्हणालं ते त्या त्या संघटनेनं आपणहून छापलं तरच कळणार. नॅसकॉमसारख्या काही संघटना आपली निवेदनं प्रसिद्ध करतात, त्यांना ते श्रेय द्यायला हवं. २०१४ साली केंद्रानंच ठरवलेलं धोरण सांगतं, की कायद्याआधी सल्लामसलत करावी आणि आलेल्या प्रतिक्रियांचा सारांश वेबसाइटवर टाकावा. 'ट्राय' तर प्रत्येक निवेदन, त्यावरची प्रतिनिवेदनं, सगळं टाकतं. एप्रिल २०१५ मध्ये त्यानं खिडकी इतकी सताड उघडली की दहा लाखांवर लोकांचे ईमेल पत्तेही बाहेर पडले. तेव्हा आपण हसलो होतो. खिडकी बंद झाल्यावर त्या हसण्याची किंमत कळते.

बंद खोलीत काय ठरलं, ते कायद्याच्या कलमांवरूनच ओळखावं लागतं. ७ आणि ९ ऑगस्ट २०२३ रोजी दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानानं कायदा मंजूर झाला. परदेशी कंपन्यांना हवं होतं ते मिळालं: डेटा कुठेही न्या, फक्त सरकारनं नावानं मनाई केलेल्या देशांत नको. महत्त्वाच्या मोठ्या कंपन्यांना नियमांतून पुन्हा बांधून घालायची एक पळवाट मात्र सरकारनं ठेवली. स्टार्टअपांना काही कलमांतून सूट देता येईल, अशी तरतूद झाली. सरकारला हवं होतं ते मिळालं: आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून कायद्याबाहेर ठेवायची मुभा. कंपन्या एका जागी हरल्या. लहान मुलाचं वय त्यांना खाली आणायचं होतं, ते अठराच राहिलं. दंड अडीचशे कोटींपर्यंत, पण तो भारताच्या संचित निधीत जाणार. माहिती फुटून ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई नाही. २०१९च्या विधेयकात ती होती, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे ४३-अ कलम भरपाईची वाट दाखवायचं, तेही नव्या कायद्यानं वगळायचं ठरवलं. उलट नागरिकानं खोटी तक्रार केली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. सासू-सुनेचं भांडण मिटलं आणि शेजारणीचा वाटा गेला. कायद्यात नागरिकासाठी 'ती' हे सर्वनाम वापरलंय, याचं तेव्हा फार कौतुक झालं. तिच्या पदरात काय पडलं, ते वर लिहिलंच आहे.

माहिती अधिकाराचं आणखी वेगळं. लोकहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, असा तोल राखणारं जे उपकलम होतं, ते याच कायद्यानं छाटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा कंपन्यांना बहुतेक बंधनांसाठी अठरा महिन्यांची सवड मिळाली, म्हणजे मे २०२७. माहिती अधिकारातली छाटणी त्याच दिवसापासून लागू. ज्या महाराष्ट्रानं केंद्राच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तिथे या घाईबद्दल फार बोललं गेलं नाही. यासाठी कोणत्या उद्योगानं खटपट केल्याचं मला दिसलेलं नाही. काही कलमांची रदबदली सरकारी कचेरीच्या आतच होते.

डेटा कायद्याला सहा वर्षं लागली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत एक चक्र पंधरवड्यात पुरं झालं. १ मार्च २०२४ रोजी माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं सूचनापत्र काढलं: कच्च्या, पुरत्या न तपासलेल्या एआय मॉडेलना लोकांपुढे आणण्याआधी सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. 'लायसन्स राज' परत आलं म्हणून समाजमाध्यमांवर बोंब झाली, त्यात सिलिकॉन व्हॅलीतली भारतीय नावंही होती. ४ मार्चला राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर म्हणाले, हे स्टार्टअपांना नाही. १५ मार्चला नवं पत्र आलं, त्यात परवानगी गायब. परवानगीचा हट्ट मुळातच चुकीचा होता, असं माझंही मत आहे. पण एका मंत्रालयानं कायद्याचा आधार न दाखवता पत्र काढावं आणि दोन आठवड्यांत ते गिळावं, या दोन्हीत एकच गोष्ट नव्हती: कोणी लेखी काय मांडलं आणि त्याला लेखी काय उत्तर दिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयआयटी मद्रासचे बलरामन रवींद्रन यांच्या समितीनं एआयच्या कारभाराची सात 'सूत्रं' दिली. तूर्त वेगळा कायदा नको, असा त्यांचा सूर. एक सूत्र सांगतं: निर्बंधापेक्षा नवनिर्मिती. हे वाक्य तर मी दहा वर्षं निवेदनांत वाचत आलोय.

डिसेंबर २०२५ मध्ये एआय आणि कॉपीराइटवर सरकारी समितीचा कागद आला. त्यात लेखकांचं, वृत्तपत्रांचं साहित्य मॉडेलना शिकायला सरसकट परवान्यानं मिळावं, नकाराचा हक्क नसावा, पण मोबदला द्यावा, असं सुचवलंय. समितीत बसलेल्या नॅसकॉमनं पुन्हा भिन्नमत नोंदवलं. मोबदल्याची सक्ती तिला नको. पुन्हा छापील, पुन्हा उघड, त्यामुळे वाद तरी घालता येतो. तुमच्या हातातला हा अंकही कुठल्या मॉडेलच्या पोटात जाईलच. त्याच्या संपादकांनी यावर निवेदन पाठवलंय का, हे मी विचारलं नाही. दिवाळी अंकाच्या संपादकाला दिवाळीआधी असले प्रश्न विचारायचे नसतात.

नारायण पेठेत माझ्या एका मित्राचं सहा जणांचं ऑफिस आहे. शाळांसाठी फी-हजेरीचं सॉफ्टवेअर करतात. नव्या नियमांनी त्याची झोप उडाली आहे. पालकांची पडताळलेली संमती कशी घ्यायची, नोंदी वर्षभर कशा ठेवायच्या, माहिती फुटली तर बहात्तर तासांत तपशील कोणी लिहायचा. मोठ्या कंपनीकडे वकिलांचा मजला असतो, याच्याकडे एक सीए आहे आणि तोही मार्चमध्ये फोन उचलत नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्याच नावानं तर सगळे भांडतायत: लहान स्टार्टअपवर कम्प्लायन्सचा बोजा नको. त्यानं विचारलं, कोण भांडतंय? कोणत्याही संघटनेचा तो सभासद नाही. वर्गणी परवडत नाही.

हा दुसरा गणेश निदान पेठेत राहतो. पहिल्याला शोधायला मी पावसाळ्याआधी एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात जाऊन बसलो. एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो: आधार, सात-बारा, गट नंबर सगळं एका धाग्यात. त्याच वर्षीच्या जूनमध्ये राज्यानं कृषी-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी पाचशे कोटींचं. या माहितीतून खरंच चांगला सल्ला निघूही शकेल, ते नाकारत नाही. डेटा कायद्याच्या सातव्या कलमानुसार अनुदान किंवा सवलत देताना सरकारला नव्यानं संमती मागायची गरज बहुधा पडणार नाही. मागितलीच, तर ती मराठीत मागण्याची सोय कायद्यात आहे.

केंद्र म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक पंखा, दोन कॉम्प्युटर. बाकावर एक आजोबा, कापडी पिशवीत सात-बारा आणि आधारची लॅमिनेट केलेली प्रत. आधारला जोडलेला नंबर नातवाचा, नातू चाकणला कारखान्यात. फोन लावला, स्पीकरवर टाकला. मशिनच्या आवाजातून नातू एकेक आकडा सांगत होता, आजोबा तो मागून म्हणत होते, रांगेतली एक बाई त्यांचं चुकलं की दुरुस्त करत होती. सहाही आकडे आम्हा सगळ्यांना पाठ झाले.

"टाइम गेला," कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणाला. "परत पाठवतो ओटीपी. जरा मोठ्यानं सांगा, आजोबा."